पहिली जुनी मस्टँग घेताय? आधी पत्रा बघा, इंजिन नंतर

आपल्या इथल्या गणपतीला किंवा दिवाळीला मी मस्टँग घेऊन गेलो की पार्किंगमध्ये कोणीतरी गाठतंच, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, इंजिन कुठलंय? मंडळी, हा प्रश्न चौथा-पाचवा आहे. पहिला प्रश्न पत्र्याचा. इंजिन बिघडलं तर उतरवून दुसरं बसवता येतं, मेकॅनिक मिळतात, पार्ट मिळतात, पण आतून गंजलेली बॉडी तुमचा पैसा, तुमचे शनिवार आणि घरातली शांतता सगळं खाते. मी हे स्वतःच्या खिशातून शिकलोय म्हणून पोटतिडकीने सांगतोय, जरा लांबलं तरी शेवटपर्यंत वाचा.

मी फक्त १९६५ आणि ६६ च्या फोर्ड मस्टँगबद्दल सांगणार आहे. एक तर माझ्याकडे तीच आहे, आणि दुसरं म्हणजे नवीन माणसाला यापेक्षा सोपी जुनी अमेरिकन गाडी मला माहीत नाही. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये ती लोकांसमोर आली, २,३६८ डॉलरपासून किंमत होती, आणि दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत दहा लाख गाड्या बनल्या. एवढ्या बनल्या म्हणून आजही भरपूर शिल्लक आहेत, आणि भरपूर शिल्लक आहेत म्हणून दाराच्या रबरापासून अख्ख्या फ्लोअरपर्यंत जवळपास प्रत्येक वस्तू आज नवी बनवून मिळते. दुसऱ्या कंपन्यांच्या त्या काळातल्या कितीतरी गाड्या मला दिसायला जास्त आवडतात, पण एका तुटलेल्या पट्टीसाठी सहा महिने शोधत बसायचं असेल तर पहिल्या गाडीतच हौस मरते.

माझी गाडी कुठे बनली हेही सांगतो, कारण त्याचा पुढे संबंध आहे. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. इथेच रूट वनवर फोर्डचा मेटचन कारखाना होता, २००४ मध्ये बंद झाला, आता तिथे दुकानं आहेत, आणि साठच्या दशकात तिथून मस्टँग बाहेर पडायच्या. माझी त्यातलीच एक. बाबा इकडे आले तेव्हा त्यांनी आधी बॉनेटवर हात फिरवला. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ जोडल्या जायच्या तो काळ त्यांनी पाहिलाय, त्यांना मी काही समजावून सांगायची गरजच पडली नाही.

तर पहिली पायरी, नक्की कुठली घ्यायची ते ठरवा. बॉडी तीन प्रकारची. साधी दोन दारांची कूपे, कन्व्हर्टिबल, आणि मागे उतरत्या छताची फास्टबॅक. फास्टबॅक सगळ्यांनाच हवी असते, त्यामुळे तिला बऱ्याचदा तशाच कूपेच्या दुप्पटीच्या आसपास पैसे पडतात. कन्व्हर्टिबल मस्तच, पण कापडी छतातून पाणी झिरपतं आणि खालचा पत्रा आधी जातो. पहिली गाडी असेल तर कूपे घ्या, डोळे झाकून सांगतो. इंजिनात मुख्यतः दोन पर्याय दिसतील, २०० क्युबिक इंचाचं सहा सिलिंडरचं, कागदावर १२० हॉर्सपॉवर, आणि २८९ चं व्ही-एट, दोन बॅरलच्या (म्हणजे हवा-पेट्रोल आत जायच्या दोन नळ्यांच्या) कार्ब्युरेटरवर २०० हॉर्सपॉवर. व्ही-एटचा आवाज छातीत बसतो हे खरं आहे. पण सहा सिलिंडरवाली स्वस्त मिळते, कमी पेट्रोल पिते, बॉनेटखाली हात घालायला जागा असते, आणि रविवारी बायकोमुलांना घेऊन आइस्क्रीम खायला जायला ती पुरून उरते. तिला कोणी कमी लेखत असेल तर लेखू द्या.

पैशाचं म्हणाल तर जेवढे जमवलेत तेवढ्याची गाडी घेऊ नका. चौथा हिस्सा तरी बाजूला काढून ठेवा. गाडी घरी आल्यावर पहिल्या महिन्यात काय काय निघतं ते पुढे सांगतोच.

दुसरी पायरी नंबराची. जाहिरात आवडली की विक्रेत्याकडे आधी व्हीआयएनचा, म्हणजे गाडीच्या ओळख-नंबराचा फोटो मागा, दारावरच्या पट्टीचा नको, बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर जो ठोकलेला असतो त्याचा. दारावरची पट्टी रिव्हेट काढून बदलता येते, हव्या त्या नंबराची नवी बनवूनही मिळते, त्यामुळे तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही. नंबर वाचायला सोपा आहे. पहिला आकडा वर्ष, ५ म्हणजे १९६५, ६ म्हणजे ६६. (एप्रिल ६४ पासून त्या उन्हाळ्यात बनलेल्यांना लोक साडेचौसष्टची म्हणतात, पण नंबर त्यांचाही ५ नेच सुरू होतो.) मग कारखाना, एफ डिअरबॉर्न, आर सॅन होझे, टी आमचं मेटचन. मग बॉडी, ०७ कूपे, ०८ कन्व्हर्टिबल, ०९ फास्टबॅक. मग इंजिनाचं अक्षर. टी म्हणजे २०० चं सहा सिलिंडर, सी म्हणजे दोन बॅरलचं २८९, ए म्हणजे चार बॅरलचं, आणि के म्हणजे २७१ हॉर्सपॉवरचं खास इंजिन, त्याला पैसे वेगळेच मोजावे लागतात.

याचा उपयोग असा. इंजिनाचं अक्षर टी आहे आणि समोर व्ही-एट बसवलेलं दिसतंय, तर ते मागाहून बसवलंय. लगेच चाकाचे नट मोजा, सहा सिलिंडरच्या गाडीला चार असायचे, व्ही-एटला पाच. व्ही-एट आहे आणि नट चारच, म्हणजे इंजिन बदललं पण ब्रेक, अ‍ॅक्सल तसेच ठेवलेत, अशा गाडीला हात लावू नका. तसंच जीटीचं, म्हणजे कंपनीच्या स्पोर्टी पॅकेजचं. जीटी पॅकेज नंबरात दिसत नाही, पण ते ए किंवा के इंजिनावरच मिळायचं, त्यामुळे अक्षर सी असेल आणि जाळीत फॉग लॅम्प आणि खाली पट्टे असतील तर ती जीटी नाही, कोणीतरी सजवलेली कूपे आहे. वाईट गाडी असेलच असं नाही, फक्त जीटीचे पैसे देऊ नका. आणि ‘नंबर मॅचिंग’, म्हणजे इंजिनावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळतो, हा शब्द कानावर आला तर लक्षात ठेवा, या दोन वर्षांत गाडीचा नंबर फक्त के इंजिनावर ठोकायचे. साध्या सी इंजिनावर तो नसतोच, मग मॅच कशाशी करणार?

आता तिसरी पायरी, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो. गंज.

या मस्टँगला वेगळी चासी नसते, फ्लोअर आणि खालचे रेल बॉडीलाच वेल्ड केलेले असतात, म्हणजे पत्रा गंजला की गाडीचा कणाच गेला. आणि सगळ्यात फसवी जागा म्हणजे काउल. पुढच्या काचेच्या खाली, वायपरपाशी ज्या फटी दिसतात ना हवा आत घ्यायच्या, त्याच्या खाली बंद पेटी असते. पावसाचं पाणी त्या फटीतून आत जातं आणि बाजूने खाली निघून जावं अशी रचना आहे. साठ वर्षं त्यात पानं, माती, पाईनच्या झाडाच्या सुया साचतात, पाणी तुंबतं, आणि आत हवा यायची जी गोल भोकं आहेत त्यांच्या कडा आतून सडतात. बाहेरून काहीच दिसत नाही. बघायलाही जागा नाही.

माझी पहिली मस्टँग लाल होती, ६६ ची कूपे, रंग असा की तोंड दिसावं. विकणाऱ्याच्या गॅरेजमध्येच बघितली, वीस मिनिटांत हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात पाऊस आला, आम्ही दोघं गाडीत होतो, आणि ही म्हणाली, अरे, माझ्या पायाखाली ओलं लागतंय. घरी येऊन कार्पेट उचललं तर खाली डांबरी कागदासारखं काहीतरी चिकटवलेलं, ते ओढलं तर त्याबरोबर पत्र्याचा ओला चुरा हातात आला आणि भोकातून गॅरेजची फरशी दिसली. काउल फुटलेला, फ्लोअर सडलेला, वर नवं कार्पेट. वरून कीर्तन आतून तमाशा. काउल दुरुस्त करायचा म्हणजे पुढचे मडगार्ड काढा, मग वरच्या पत्र्याचे स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने उडवा, आत नवा पत्रा बसवा, परत वेल्ड करा, परत रंग. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. ती गाडी मी सगळं खरं सांगून, नुकसान सोसून विकली.

दुसऱ्या वेळी मी पाण्याची बाटली घेऊन गेलो. हे असं करायचं: मालकाची परवानगी घ्या (कोणी नाही म्हणालं तर आभार मानून परत या, उत्तर मिळालंच तुम्हाला), सोबतच्या माणसाला बाहेर काचेखालच्या फटीत हळूहळू पाणी ओतायला सांगा, आधी उजवीकडे मग डावीकडे, निदान दोन-दोन लिटर, आणि तुम्ही आत डॅशबोर्डच्या खाली पाठीवर आडवे व्हा, तोंड वर, हातात टॉर्च. हीटरच्या पेटीच्या मागे, दोन्ही टोकांना बघत राहा. कार्पेटवर कोरडं वर्तमानपत्र पसरून ठेवा. पाणी मडगार्डाच्या मागून जमिनीवर पडायला हवं, ते पडलेलं ऐकू येतं. आत एक थेंब जरी टपकला तर काउल गेलाय असं समजा. मी त्या दिवशी दहा मिनिटं तसा पडून होतो, पेपर कोरडा राहिला, आणि तेव्हाच मनात गाडी घेतली.

बाकीच्या जागा पटापट सांगतो. बॅटरीच्या खालचा पत्रा, अ‍ॅसिडने खाल्लेला असतो. पुढच्या चाकांमागे मडगार्डाचा खालचा कोपरा. दारांच्या खालच्या कडा. गाडी जॅक-स्टँडवर घेऊन खालून फ्लोअर आणि दोन्ही बाजूंना जिथे पुढचे रेल फ्लोअरला मिळतात त्या जागा, तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका, टण आवाज यायला हवा, भद्द नको. डिकीचं कार्पेट उचला, बाजूच्या खोलगट जागा बघा, आणि पेट्रोलची टाकी डिकीच्या फरशीतच वरून बसवलेली असते तिच्या कडा बघा. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक मागच्या चाकांच्या वरच्या कमानीवर फिरवा, जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे. थोडी पुट्टी चालते हो, साठ वर्षांत कोणीतरी ठोकली असणारच, पण कमानीची अख्खी कड पुट्टीची असेल तर खाली पत्राच नाही. आणि तळाला ताजा जाड काळा रंग मारलेला दिसला की शंका घ्या.

शक्य असेल तर अ‍ॅरिझोना किंवा कॅलिफोर्नियातली गाडी बघा. उन्हाने डॅशबोर्ड तडकलेला असेल, सीट फाटलेल्या असतील, रबरं दगड झालेली असतील, पण ते सगळं नवं मिळतं आणि घरी बसून बदलता येतं. आमच्या न्यू जर्सीत, ओहायो-मिशिगनात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, इथे साठ वर्षं रस्त्यावर राहिलेली गाडी कितीही चकाचक दिसली तरी खाली वाकून बघितल्याशिवाय तोंडातून आकडा काढू नका. माझी मेटचनला बनली खरी, पण आयुष्य तिने दक्षिणेकडे काढलं म्हणून वाचली.

चालवून बघणं ही चौथी पायरी. जायच्या आधी सांगून ठेवा की इंजिन थंड ठेवा, मी आल्यावर सुरू करू, आणि पोचल्या पोचल्या बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर थंड असताना सुरू व्हायला त्रास देते का ते विचारा. सुरू करताना मागे कोणाला तरी उभं करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, सुरुवातीला जरासा येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील, तो खर्च झेपतो, सतत येत राहिला तर इंजिन उघडायचं आलं. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि गोडसर वास असेल तर कूलंट आत जातंय. मग रस्त्यावर. आजच्या गाडीची सवय असलेला माणूस पहिल्यांदा घाबरतो, कारण स्टेअरिंग मोठं, ढिलं, आणि ब्रेकवर पाय चांगला जोरात द्यावा लागतो, ते तसंच असतं. बघायचं हे की ब्रेक दाबल्यावर गाडी सरळ थांबते का एका बाजूला ओढते, आणि वीस मिनिटं चालवल्यावर टेंपरेचर स्थिर राहतं का.

पत्रा चांगला निघाला तर बाकी दोष हे घासाघीस करायचे मुद्दे आहेत, गाडी सोडायची कारणं नाहीत. किंमत समजायला हॅगर्टी या जुन्या गाड्यांचा इन्शुरन्स करणाऱ्या कंपनीची गाईड बघा, त्यात अवस्था एक ते चार नंबरांत मोजतात, एक म्हणजे प्रदर्शनातली, चार म्हणजे चालणारी पण थकलेली. नवीन माणसाने तीन नंबरची घ्यावी असं माझं मत, जी चालवता येते आणि ओरखडा पडला तर रात्रीची झोप उडत नाही. अर्धवट सोडून दिलेला प्रोजेक्ट, खोक्यांत भरलेले पार्ट, हे स्वस्त दिसतं म्हणून घेऊ नका, ती खोकी कोणाच्यातरी गॅरेजात वर्षानुवर्षं पडून का राहिली याचा विचार करा. लांबची गाडी असेल, हेमिंग्स किंवा ब्रिंग अ ट्रेलर अशा जुन्या गाड्या विकायच्या वेबसाइटवर बघितलेली, तर तिथल्याच एखाद्या स्वतंत्र मेकॅनिकला पैसे देऊन तपासून घ्या आणि त्याला काउलचं मुद्दाम सांगा.

कागदपत्रांत टायटल, म्हणजे मालकीचा कागद, विकणाऱ्याच्याच नावावर आहे ना, त्यावरचा नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर अक्षर न् अक्षर जुळतो ना, एवढं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘टायटल मित्राच्या नावावर आहे, नंतर पाठवतो’ असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून निघा. इन्शुरन्स नेहमीच्या पॉलिसीत टाकू नका, त्यात गाडी जुनी म्हणून कवडीमोल धरतात. जुन्या गाड्यांची वेगळी पॉलिसी मिळते, ॲग्रीड व्हॅल्यू म्हणजे रक्कम आधीच दोघांनी ठरवायची. बदल्यात त्यांची अट असते की रोजच्या वापराला दुसरी गाडी हवी, ही गॅरेजमध्ये ठेवायची आणि हिने रोज ऑफिसला जायचं नाही. न्यू जर्सीत पंचवीस वर्षांवरच्या गाडीला हिस्टॉरिक नंबर प्लेट मिळते, पण ती प्रदर्शन वगैरे मर्यादित वापरासाठी असते, आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, आपापल्या मोटर व्हेइकलच्या ऑफिसात विचारून घ्या.

गाडी घरी आली. आता पेढे वाटा, नारळ फोडा, फोटो काढा, आणि मग ती लांब नेऊ नका. आधी ब्रेक. ६६ पर्यंत या गाडीला एकच ब्रेक सर्किट असायचं, मास्टर सिलिंडरमध्ये ऑइलचा एकच कप्पा. एका चाकाची रबरी नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात, पाय थेट फरशीला. ६७ पासून फोर्डने डबल दिलं. तेच डबल मास्टर सिलिंडर ६५-६६ च्या गाडीला बसवायचं किट मिळतं. ओरिजिनल ठेवायचं वेड मलाही आहे पण इथे नाही, मुलं मागे बसतात. बसवाच. त्याच वेळी तिन्ही रबरी नळ्या बदला, पुढे दोन आणि मागे एक, आणि ब्रेक ऑइल पूर्ण नवं भरा. सीटबेल्ट पुढे फक्त कमरेचे असतात, तीन पॉइंटचे बसवून घ्या.

मग टायर. नक्षी बघून फसू नका, बाजूवर DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांवरचा टायर नवा दिसला तरी फेकायचा. पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या बदला, आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने मऊ पडून गळायला लागतं, खाली गरम इंजिन असतं, पुढचं सांगायला नको. एक फायर एक्स्टिंग्विशर ड्रायव्हरच्या हाताला लागेल असा ठेवा. इंजिन ऑइल घेताना डब्यावर जुन्या इंजिनांसाठी, झिंक जास्त असलेलं असं लिहिलेलं घ्या, या इंजिनाचे टॅपेट कॅमवर घासत चालतात आणि नवीन गाड्यांच्या ऑइलमध्ये तेवढं झिंक नसतं.

थंडीत सुरू करायची पद्धत शिकून घ्या, पोराला शिकवल्यासारखी हातात हात धरून शिकवायची गोष्ट आहे ती. किल्लीला हात लावायच्या आधी अ‍ॅक्सिलरेटर एकदा फरशीपर्यंत दाबून सोडायचा, त्याने चोक लागतो, फार थंडी असेल तर अजून एकदा. मग पाय काढून किल्ली. इंजिन जोरात घुमायला लागेल, घुमू द्या. अर्ध्या-एक मिनिटाने पायाचा हलका टिचका मारा, आवाज एक पायरी खाली उतरतो. अजून एक टिचका, अजून एक पायरी. तो शांत झाला की निघायचं. जो माणूस घाईत दहा वेळा अ‍ॅक्सिलरेटर मारतो त्याचं इंजिन पेट्रोलने तुंबतं आणि मग तो बॅटरीला दोष देतो.

नोव्हेंबरच्या शेवटी, रस्त्यावर पहिलं मीठ पडायच्या आत गाडी आत घ्या. टाकी भरलेली ठेवा आणि पेट्रोल खराब होऊ न देणारं स्टॅबिलायझर टाकून दहा मिनिटं इंजिन चालवा म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं. बॅटरीला छोटा चार्जर लावून ठेवा, एअर क्लीनरच्या नळकांड्यात आणि सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबा, उंदरांना ती जागा फार आवडते, आणि बोळे कोंबलेत याची चिठ्ठी स्टेअरिंगला बांधा. मधे मधे उगाच पाच मिनिटं सुरू करून बंद करू नका, त्याने फक्त सायलेन्सरमध्ये पाणी साचतं.

मार्चमध्ये एक-दोन चांगले पाऊस होऊन मीठ वाहून गेलं की चिठ्ठी वाचा, बोळे काढा, ब्रेक ऑइल बघा, गाडीखाली पडलेले डाग बघा, आणि थेट पेट्रोल पंपावर जा. न्यू जर्सीत पेट्रोल आपण भरत नाही, पंपावरचा मुलगा भरतो, आणि तो झाकण शोधत गाडीच्या दोन्ही बाजूंनी चक्कर मारेल. ते मागे असतं, दोन दिव्यांच्या बरोबर मधोमध. तुम्ही खाली उतरा, त्याला दाखवा, नळीखाली स्वतः फडकं धरा आणि काठोकाठ भरायच्या आत थांब म्हणून सांगा, नाहीतर पहिल्याच वळणावर पेट्रोल झाकणातून मागच्या रंगावर ओघळतं.